श्रीलंका, खाट क्रमांक एक ते नऊ

सोमवार, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. उल्हासनगर, कॅम्प पाच. नवज्योत या चार मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीचा स्लॅब तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात कोसळला. मृत कुणी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा पाय घोट्यात मोडला.

मी त्या वेळी रस्त्यापलीकडे, धर्मेशच्या झेरॉक्सच्या दुकानात काचेवर पालथी पडले होते. बावीस पानं झाली होती, तेविसावं चालू होतं. आवाज आला तसा धर्मेश मला तशीच टाकून बाहेर धावला. माझ्या मालकीणबाई, यशोधराबाई, त्याच्याही आधी धावल्या होत्या. त्याचा मला राग नाही. असा आवाज ऐकून वहीकडे बघत उभी राहणारी बाई असती, तर तिच्याबद्दल बोलायला मी तोंडच उघडलं नसतं.

तोंड उघडलंच आहे तर ओळख सांगते. मी वही आहे, पण शाळेची नाही आणि वाण्याचीही नाही. मी वॉर्डाची वही. सरकारी रुग्णालयात पाळी संपवून जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला रुग्ण सोपवते, त्याला त्या ‘ओव्हर देणं’ म्हणतात. कुणाला ताप आहे, कुणाची सलाईन संपत आली, कुणाला सकाळपासून लघवी झाली नाही, हे सगळं जिच्यात उतरतं ती मी. माझ्या प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेले आहेत: खाट क्रमांक, रुग्णाचं नाव, निदान, उपचार, शेरा.

आम्ही बारा जणी एका गठ्ठ्यातून रुग्णालयात आलो. अकरा जणी वॉर्डात गेल्या, भरल्या, रक्ताचे आणि चहाचे डाग घेऊन फाटल्या. माझा नंबर येईपर्यंत संगणक आले आणि मी भांडारातल्या फळीवर राहिले. सात वर्षं. शेजारी एक मोडका वजनकाटा आणि कालबाह्य झालेल्या पट्ट्यांची खोकी. माणसं म्हणतात, रिकामं राहणं म्हणजे आराम. त्यांनी एकदा सात वर्षं कोरं राहून बघावं.

यशोधराबाई निवृत्त झाल्या त्या आठवड्यात भांडाराची सफाई निघाली. मी रद्दीच्या ढिगावर होते. त्यांनी मला उचललं, पानं चाळली आणि म्हणाल्या, “हिच्यात एक अक्षर नाही. हिला कशाला रद्दीत?”

“घेऊन जा ना मग,” सफाई करणारे वॉर्डबॉय मामा म्हणाले.

पण तशी उचलून नेणारी ही बाई नव्हे. त्यांनी मेट्रनला अर्ज केला. ‘वापरात नसलेली वही, नग एक, घरी नेण्यास परवानगी मिळावी.’ मेट्रन हसली आणि सही केली. तो कागद आजही माझ्या पहिल्या पानावर चिकटवलेला आहे. चौतीस वर्षं ज्यांनी गोळी देण्याआधी वेळ लिहिली आणि दिल्यावर सही केली, त्या बाईंकडे मी अशी रीतसर आले. पुढं जे झालं ते समजायचं तर हे लक्षात ठेवावं लागेल. नियम पाळणारी माणसं कशी अडकतात, याचंच हे प्रकरण आहे.

घरी आल्यावर महिनाभर मी टीव्हीखालच्या कप्प्यात होते. मग एका रविवारी विहारात श्रीलंकेच्या सहलीचा फलक लागला. कमळाकर नावाचे गृहस्थ दरवर्षी ती काढतात. पाच दिवसांत अकरा ठिकाणं, जेवण आपलं, टोपी आणि खांद्यावरची पिशवी मोफत. यशोधराबाईंचे पती भीमराव, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, घरी येताच म्हणाले, “नाव देऊन टाकू. टोपी पण आहे.”

“अनुराधापूरला किती वेळ थांबतात, विचारलं का?”

“असेल की दोन-तीन तास.”

“पन्नास मिनिटं,” यशोधराबाई म्हणाल्या. “मी विचारलं. पन्नास मिनिटांत चाळीस माणसांचे चपला-बूट काढून व्हायचे.”

“मग?”

“मग आपण आपले जाऊ. दोघंच. नऊ दिवस. माझ्या मनानं.”

भीमरावांनी चपला काढून दाराशी ठेवल्या. मग म्हणाले, “तुझ्या मनानं म्हणजे तिथं पण सकाळी सहाला टेंपरेचर घेणार काय माझं?”

त्याच संध्याकाळी मी कप्प्यातून बाहेर आले. यशोधराबाईंनी पट्टी घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या ओळीत, खाट क्रमांकाच्या रकान्यात, १ लिहिलं. एका दिवसाला एक खाट. रुग्णाचं नाव: कोलंबो. निदान: प्रवासाचा थकवा. उपचार: स्टेशनजवळ मुक्काम, भात, झोप. शेरा: पहिल्या दिवशी काहीही बघायचं नाही.

मला हसू आलं, खरं सांगते. सात वर्षं ज्या रकान्यांत कुणाचा तरी कावीळ-क्षय उतरेल म्हणून वाट बघितली, तिथं एक अख्खा देश येऊन आडवा झाला. पण बाईंना दुसऱ्या पद्धतीनं विचार करताच येत नव्हता. जे सांभाळायचं ते खाटेवर घ्यायचं आणि त्याच्यापुढं वेळ लिहायची.

अकरा महिने असे गेले. रोज दुपारी जेवणानंतर मी ओट्यालगतच्या छोट्या टेबलावर उघडायची. मुलगी शलाका बदलापूरला सोनिवलीत राहते, नवऱ्याबरोबर, नव्या टॉवरमध्ये. ती फोनवरून लिंका पाठवायची. बाई चष्मा लावून त्या वाचायच्या आणि माझ्यात उतरवून घ्यायच्या. कुठली गाडी किती वाजता सुटते. तिचं आरक्षण किती दिवस आधी उघडतं. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या आवारात टोपी चालत नाही, पांढरे कपडे बरे, उन्हानं फरशी तापते म्हणून मोजे घालायचे.

“बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही,” एकदा त्यांनी मोठ्यानं वाचलं.

“मग सेल्फी कशी काढायची?”

“काढायची नाही.”

“म्हणजे मी गेलो होतो हे कारखान्यातल्या पोरांना पटायचं कसं?”

“तुम्ही सांगाल तेव्हा त्यांना पटेल.”

“मी सांगितलेलं त्यांना तीस वर्षांत एकदा पटलं नाही,” भीमराव म्हणाले आणि मोज्यांच्या दोन जोड्या बाजूला काढून ठेवल्या.

अनुराधापूरजवळच्या मिहिंतलेच्या डोंगरावर अठराशेच्या वर पायऱ्या आहेत. चौथ्या खाटेपुढं शेरा पडला: भीमरावांचे गुडघे. वरपर्यंत रिक्षा जाते का, विचारणे. त्या गुडघ्यांमुळेच तर घाई होती. डावा बदलायचा ठरला होता, तारीख मिळाली होती मार्चच्या पहिल्या आठवड्याची, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यानंतर वर्षभर डोंगर-पायऱ्या विसरा. उजवा त्याच्या पाठोपाठ. म्हणून फेब्रुवारी. म्हणून शनिवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांचं विमान, ज्याच्या तिकिटाची तारीख बदलत नव्हती.

पाचव्या खाटेपाशी दोघांचं वाजलं. रुग्णाचं नाव अनुराधापूर. निदानात रेघ. उपचारात रेघ. शेऱ्यात दोन शब्द: काही नाही.

“हे काय?”

“त्या दिवशी काही नाही.”

“अगं, त्याच्या आधीच झाड बघून झालं ना?”

“बघून झालं. मला बसायचंय.”

“बसायला विहार आहे की आपलं. कॅम्पातच.”

यशोधराबाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, चौतीस वर्षांत मी कधी बसले ते सांगा. विहारात बसले तर कुणीतरी येतं, सिस्टर, जरा बीपी बघता का. घरात बसले तर कुकर. एक दिवस मला अशा ठिकाणी बसायचंय जिथं मला कुणी ओळखत नाही. किती वाजता उठायचं ते पण लिहायचं नाही.”

भीमरावांनी वाद घातला नाही. पेन उचलून त्यांच्या हातात दिलं. त्या रिकाम्या ओळीइतकी जपून सोडलेली ओळ माझ्यात दुसरी नाही.

आता चूक सांगते, कारण चूक आमच्या घरातही झाली आणि ती लपवून दुसऱ्यांवर तोफ डागणं मला जमणार नाही.

वॉर्डात मॉर्फिन ठेवतात ते दुहेरी कुलपात. कपाटात कपाट, दोन वेगळ्या किल्ल्या, आणि किल्ल्या पाळीवरच्या सिस्टरच्या अंगावर. यशोधराबाईंनी पासपोर्ट तसे ठेवले. लोखंडी कपाट, त्याच्या आतला लॉकर, दोन्ही किल्ल्या कमरेच्या चाव्यांच्या जुडग्यात. भीमराव आठवडाभर आधीपासून म्हणत होते, “बॅग भरलीय, पासपोर्ट त्यातच टाक ना. दाराशी तर उभी आहे.”

“जाण्याच्या दिवशी काढायचे. आधी नाही.”

कुठल्याही दुसऱ्या घरात ते पासपोर्ट दाराशी पडलेल्या बॅगेत सापडले असते.

आणि मी झेरॉक्सच्या दुकानात का होते, तेही त्याच सवयीनं. एकाच प्रतीवर विसंबायचं नाही. एक प्रत शलाकाकडे, एक भीमरावांच्या बॅगेत.

तर सोमवार. स्लॅब पडला तेव्हा भीमराव दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या दुसऱ्या अंगाला, आपल्या दोनशे तीन क्रमांकाच्या खोलीत बातम्या बघत होते. इमारत हादरली तशी सगळ्यांबरोबर खाली धावले. बनियन, लुंगी, हातात टीव्हीचा रिमोट. दुखरा गुडघा घेऊन ते जिना उतरले कसे, त्यांनाही सांगता आलं नाही. यशोधराबाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, दोन हात, दोन पाय, मग तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांपाशी बसल्या आणि धर्मेशच्या दुकानातल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून त्यांचा घोटा बांधला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी इमारतीकडे मान वर करून बघितलं नाही.

साडेचारला अधिकारी आले. इमारत रिकामी केली, मुख्य दाराला साखळी, साखळीला कुलूप, कुलपावर लाखेचा ठिपका, भिंतीवर कागद. एक चौकीदार बसवला. लोकांनी गॅस बंद करायला, औषधं आणायला वर जाऊ द्या म्हणून विनवण्या केल्या. नाही म्हणजे नाही. ते बरोबरच होतं. मी त्याच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. पडत्या घरात माणूस सोडायचा नसतो. नवज्योतमध्ये रेती कुठली घातली, मजले किती मंजूर होते, याबद्दल बोलायला दुसरे आहेत आणि त्यांनी बोलावं. मी माझ्यापुरतं बोलते: दुसरा मजला, लोखंडी कपाट, दोन पासपोर्ट, पाच दिवस.

रात्री आम्ही सोनिवलीला शलाकाकडे गेलो. धर्मेशनं मला पिशवीत घालून, वर बावीस प्रतींची गुंडाळी ठेवून, रिक्षापर्यंत आणून दिलं. “सिस्टर, टेन्शन नका घेऊ. शनिवार अजून लांब आहे. काय ना काय जुगाड होऊन जाईल.”

“जुगाड नको,” यशोधराबाई म्हणाल्या. “अर्ज करते.”

मंगळवारी सकाळी दहाला त्या कार्यालयात होत्या. कोणतं कार्यालय, ते मी सांगत नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजेल. अर्ज स्वच्छ अक्षरात, खाली कपाटाचं ठिकाण, दरवाजापासून किती पावलं, दोन्ही किल्ल्यांची खूण. ‘मी स्वतः वर जाण्याची मागणी करत नाही. आपल्या किंवा अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्यानं किल्ली नेऊन फक्त दोन पासपोर्ट आणि गुडघ्याचा एक्स-रे आणून द्यावा.’ कारकुनानं वाचलं आणि तो चांगल्या मनानं म्हणाला, “मॅडम, असा अर्ज बघितला नव्हता बुवा. सगळे भांडतात नुसते.”

“कधी होईल?”

“साहेब बघतील. आवक शिक्का घेऊन जा.”

शिक्का मिळाला. तारीख, क्रमांक, आखूड सही. यशोधराबाईंना शिक्क्यावर विश्वास होता. मलाही होता, आमचं घराणंच ते.

बुधवारी पोलीस ठाणं. शलाकानं फोनवर वाचलं होतं की पासपोर्ट हरवल्याची नोंद असेल तर नवीन लवकर मिळू शकतो. ठाण्यातल्या हवालदारांनी खुर्ची दिली.

“कुठं हरवला?”

“हरवला नाही. घरात आहे, कपाटात.”

“मग?”

“घराला सील आहे.”

“म्हणजे कुठं आहे ते तुम्हाला माहिती आहे.”

“हो.”

“मग ताई, हरवला कसा लिहू मी?”

भीमरावांनी टेबलाखालून पायानं खुणावलं. एक शब्द खोटा, आणि कागद मिळाला असता. यशोधराबाईंनी पाय बाजूला घेतला. “नका लिहू,” त्या म्हणाल्या. “खोटं नका लिहू.”

बाहेर आल्यावर भीमराव चौकापर्यंत त्यांच्या दोन पावलं पुढं चालत राहिले. मग म्हणाले, “हरिश्चंद्राला तरी बायको समजावणारी होती. इथं बायकोच हरिश्चंद्र.”

तिथून अग्निशमन केंद्र. तिथला जवान राजस, तिशीच्या आतला, त्यानं माझ्यातलंच एक कोरं पान मागून जिन्याचा नकाशा काढला. जिना शाबूत आहे, दोनशे तीन पडलेल्या बाजूला नाही, आम्ही सोमवारीच वर जाऊन आलो, असं म्हणाला. “मावशी, पत्र आणा कार्यालयाचं. एक ओळीचं चालेल. आत्ता आणलं तर आत्ता जातो.”

एक ओळ. ही गोष्ट एका ओळीवर येऊन उभी राहिली.

गुरुवारी कार्यालयात साहेब बैठकीला गेले होते. दुपारी साईटवर होते. संध्याकाळी कारकून म्हणाला, “फाईल वर गेलीय मॅडम, माझ्या हातात नाही.” यशोधराबाईंनी विचारलं, वर म्हणजे कुणाकडे. तो म्हणाला, वर. बाकावर आम्ही सात तास बसलो. बाई दर तासाला मला उघडायच्या आणि मागच्या पानावर वेळ लिहायच्या. अकरा वाजता: नाहीत. बारा: नाहीत. एक: जेवण. जणू कुणाची नाडी लागत नव्हती आणि त्या बोटं काढायला तयार नव्हत्या.

शिपाई दोनदा सहज बोलल्यासारखं बोलून गेला की ओळखीचं कुणी असेल तर बघा. ओळखीचं कुणी नव्हतं. चौतीस वर्षांत अर्ध्या कॅम्पाला ज्यांनी इंजेक्शन दिलं, त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणजे होतं, पण त्या मागायला तयार नव्हत्या. शलाकानं घरी त्यावरून तोंड सोडलं.

“आई, एक फोन. नगरसेवकाच्या आईचं ड्रेसिंग तू महिनाभर केलंस ना घरी जाऊन?”

“ते त्यासाठी केलं नव्हतं.”

“मला माहितीय त्यासाठी केलं नव्हतं. पण शनिवार आलाय ना.”

“मी काही जगावेगळं मागितलेलं नाही. शिक्का आहे माझ्याकडे. त्यांचं काम ते करतील.”

शलाका आत गेली. भांडी जोरात वाजली.

शुक्रवार. साहेब रजेवर. दुपारी चारला आम्ही नवज्योतपाशी उभे होतो, कारण दुसरं कुठं उभं राहावं ते सुचत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर भीमरावांचा टॉवेल दोरीवर तसाच होता. धर्मेश दुकान सोडून आला. हळू आवाजात म्हणाला, “सिस्टर, चौकीदाराशी बात झालीय. पाच मिनिट तो चहाला जाईल. मागच्या बाजूनं ग्रिल तुटलेली आहे. किल्ली द्या, मी जाऊन येतो.”

“तू नाही,” भीमराव म्हणाले. “घर माझं आहे. मी जातो.” आणि त्यांनी यशोधराबाईंपुढं हात पसरला. “जुडगा दे.”

बाईंनी जुडगा मुठीत धरला.

“अगं, दे ना. दुसरा मजला. जवान पण म्हणाला जिना नीट आहे.”

“पत्र असेल तर जवान जाईल. दोर, शिडी, टोपी घेऊन. तुम्ही जाणार नाही.”

“उद्या विमान आहे.”

“माहितीय.”

“अकरा महिने तू त्या वहीत डोकं घालून बसलीस. तुझं झाड आहे ते. मी तुझ्यासाठी जातोय.”

मी पिशवीत होते आणि पिशवी त्यांच्या पोटाशी. जुडगा धरलेली मूठ त्यांनी माझ्यावर दाबून धरली. मग त्या बोलल्या, एकदम सपाट, ओव्हर देताना बोलतात तशा.

“अपघात विभागात होते तेव्हा एका रात्री स्लॅबखालचे सात आणले होते. चार जण इमारत पहिल्यांदा पडली तेव्हा खाली नव्हते. दागिने काढायला, कागद काढायला नंतर आत गेलेले होते. एकाच्या हातात रेशनकार्ड होतं. मूठ सोडवायला मला दोन माणसं लागली. मी तुमची मूठ सोडवणार नाही.”

धर्मेशनं मान खाली घातली. चौकीदार चहाला गेला आणि चहा पिऊन परत आला. भीमरावांनी पसरलेला हात खिशात घातला आणि म्हणाले, “चल. भूक लागलीय.” दोघं वडापावच्या गाडीपाशी उभी राहिली. बाईंनी अर्धा खाल्ला.

शनिवारी एक वाजून दहा मिनिटांनी त्या सोनिवलीतल्या सज्जात उभ्या होत्या. भीमराव आतून म्हणाले, जेवायला ये. त्या आल्या, जेवल्या, भांडी घासली. घड्याळाकडे कुणी बघितलं नाही, पण शलाका जेवता जेवता रडली आणि तिला काय झालं हे कुणी विचारलं नाही. पुढचा पूर्ण दिवस बाईंचे हात स्वस्थ नव्हते. त्यांनी शलाकाचे सगळे पडदे धुतले. मसाल्याचे डबे रिकामे करून परत भरले. मला मात्र हात लावला नाही.

सोमवारी सकाळी साडेदहाला कार्यालयातून फोन. पत्र तयार आहे, घेऊन जा. भीमराव म्हणाले, आता कशाला. यशोधराबाई म्हणाल्या, पासपोर्ट माझा आहे, एक्स-रे तुमचा आहे. कारकुनानं बंद लिफाफा हातात दिला आणि नजर दिली नाही. बाईंनी तो तिथं उघडला नाही. सरळ अग्निशमन केंद्रावर नेला. राजसनं पत्र वाचलं, खिशात घातलं, टोपी चढवली. साखळी निघाली. किल्ल्या देताना त्या म्हणाल्या, “मोठी बाहेरची, चपटी आतली. आतली डावीकडे फिरवायची.”

तो वर गेला. धर्मेशनं आपल्या फोनवर घड्याळ लावलं, का ते त्यालाही माहीत नसावं. अकरा मिनिटांनी राजस खाली आला. दोन पासपोर्ट, एक्स-रेचं पाकीट आणि कुणी न सांगता आणलेला दोरीवरचा टॉवेल.

“झालं मावशी,” तो म्हणाला. “एवढंच होतं.”

मग त्यानं पत्र नोंदीसाठी परत काढलं आणि बाईंना म्हणाला, पोच म्हणून सही करा. बाईंनी सही करायच्या आधी कागद वाचला. त्या कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाहीत. वाचता वाचता त्यांचं बोट वरच्या कोपऱ्यात थांबलं.

“हे बघा जरा,” त्यांनी भीमरावांना दाखवलं.

भीमरावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पत्र चार ओळींचं होतं. अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्यामार्फत नमूद वस्तू काढून देण्यास हरकत नाही. खाली साहेबांची सही, गोल शिक्का. वर जावक क्रमांक आणि तारीख.

तारीख सोमवारची नव्हती. आधीच्या मंगळवारची होती. अर्ज दिला त्याच दिवसाची.

भीमरावांनी पत्र राजसपुढं धरलं. राजस म्हणाला, “मंगळवारी? मी बुधवारी केंद्रावरच होतो ना.” धर्मेशनं हिंदीत एक शिवी दिली आणि बाईंकडे बघून सॉरी म्हणाला.

त्याच दुपारी यशोधराबाई परत त्या टेबलापुढं उभ्या होत्या. हे पत्र मंगळवारी निघालं, मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार ते कुठं होतं, एवढं विचारलं. कारकून म्हणाला, आमच्याकडे आज आलं. कुठून आलं? वरून. शिपाई म्हणाला, मी फक्त नेआण करतो. साहेबांच्या केबिनबाहेर सांगितलं, साहेबांनी तर त्याच दिवशी सही केली होती, त्यांचा काय दोष. आणि ते खरं होतं. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं. बाईंच्या वॉर्डात एखादं इंजेक्शन सहा दिवस ट्रेमध्ये पडून राहिलं असतं, तर निदान कुणाच्या पाळीत ते राहिलं हे तरी सांगता आलं असतं.

बाईंनी लेखी विचारलं. साध्या भाषेत, सहा ओळींत, पत्राची प्रत जोडून. धर्मेशनं ती प्रत काढली आणि मशीनची काच नंतर उगाचच बराच वेळ पुसत राहिला.

आता मी सोनिवलीत आहे, शलाकाच्या फ्रिजवर. नवज्योत पाडायची ठरली आहे. भीमरावांचा डावा गुडघा झाला. पायऱ्यांना अजून बंदी आहे. माझ्यात तेवीस पानं श्रीलंका आहे आणि त्यापुढची सगळी पानं कार्यालय. स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, स्मरणपत्र तीन. माणसं विचारतात, सिस्टर, सहल हुकली ती हुकली, आता कशाला मागं लागता. त्यांना एवढंच सांगा की ही बाई सहलीच्या मागं नाही. ज्या नियमासाठी तिनं नवऱ्याचा पसरलेला हात परत पाठवला, तो नियम दुसऱ्या बाजूला कुणी पाळला, हे तिला बघायचं आहे. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी कधी असा अर्ज दिलात, तर शिक्का घेऊन घरी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी जावक वही उघडायला लावा. ती माझीच बहीण आहे, ती खोटं बोलत नाही. तिला कुणी विचारत नाही, एवढंच.

जावक क्रमांक पडला मंगळवारी. पत्र हातात आलं पुढच्या सोमवारी. जावक क्रमांक टाकणारं टेबल आणि पत्र देणारं टेबल यांच्यामधलं अंतर मी पिशवीतून मोजलं आहे: बावीस पावलं. मधल्या सहा दिवसांत तो कागद कुणाच्या ताब्यात होता, याचं उत्तर आजच्या तारखेपर्यंत कुणीही दिलेलं नाही.